वास्को द गामाच्या आधी चौलला उतरलेला रशियन व्यापारी : अफनासी निकितिन

युरोपातून समुद्रमार्गे भारतात आलेला माणूस म्हटलं की आपल्याला वास्को द गामा आठवतो. तो आला १४९८ साली. पण त्याच्या साधारण पाव शतक आधी एक रशियन व्यापारी एकटाच आपल्या कोकणात उतरला होता. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या चौल बंदरात. त्याचं नाव अफनासी निकितिन.

अफनासी मूळचा व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा. माल घेऊन कॅस्पियन समुद्राकडे निघाला आणि अस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. सोबतच्या काही जणांनी घरची वाट धरली, पण ज्यांच्या डोक्यावर उधारी होती त्यांची परतायची सोय नव्हती. अफनासी पुढे गेला. इराण पार करून तो होर्मुझला पोहोचला आणि तिथून एका घोड्यासह जहाजात बसला. हिशोब सरळ होता. भारतात चांगले घोडे पैदा होत नाहीत, त्यामुळे अरबी-इराणी घोड्यांना इथे मोठी किंमत मिळायची.

चौलला उतरल्यावर त्याला दिसली उघड्या अंगाची, डोक्यावर काही न घेणारी, केसांची एकच वेणी घालणारी माणसं. पण गंमत म्हणजे माणसं त्याच्याकडेच बघत होती. हा गोरा माणूस जाईल तिथे मागे गर्दी.

तिथून पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसात अडकला. बर्फात वाढलेल्या अफनासीने या पावसाळ्यालाच इथला हिवाळा म्हटलं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, तरी लोक नेमके याच दिवसांत नांगरणी-पेरणी करतात, याची त्याने नोंद केली. इथे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, हेही लिहिलं.

जुन्नरलाच त्याच्यावर खरं संकट आलं. हा मुसलमान नाही हे कळताच तिथला बहमनी सरदार असद खान याने घोडा जप्त केला. धर्म बदलला तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडा जाणार आणि हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. अफनासीची सगळी पुंजी त्या घोड्यातच होती. शेवटी खोरासानच्या महंमद नावाच्या एका वजनदार गृहस्थाने रदबदली केली. घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला.

पुढे बहमनी राजधानी बीदरमध्ये त्याने घोडा विकला, पण वर्षभराच्या चाऱ्यातच बरेच पैसे गेले होते. रशियाला न्यावा असा मालही मिळेना. धंदा फसला. कमाई झाली ती वेगळीच. तिथल्या हिंदूंना त्याने आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्यापासून आपलं घर, जेवणखाण काही लपवलं नाही. शिवरात्रीला ते त्याला श्रीशैलच्या यात्रेलाही घेऊन गेले. चौलला ज्यांच्याकडे तो नवलाने बघत होता, त्यांच्यातच आता त्याची उठबस होती.

घराच्या ओढीने तो दाभोळहून परत निघाला. पण त्वेरला पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा मृत्यू झाला. त्याची वही इतर व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवली, म्हणून पंधराव्या शतकातलं कोकण आणि जुन्नर एका सामान्य माणसाच्या नजरेतून आज वाचता येतं.

१९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ हा सिनेमा आला, त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते. चौलला लागून असलेल्या रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे.