धाडसी फॅनी वर्कमन

फॅनी वर्कमन यांचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेत झाला. त्या आणि त्यांचे पती सायकलवरून भारतात खूप फिरले. मग त्यांना हिमालयाची ओढ लागली. १९०६ साली, ४७ व्या वर्षी, फॅनीबाई लडाखमधलं पिनॅकल शिखर चढल्या. ते ६,९३० मीटर उंच आहे. त्या झगा घालूनच डोंगर चढायच्या.

१९१२ साली त्या सियाचिन हिमनदीवर गेल्या. तेव्हा अमेरिकेत बहुतेक बायकांना मत देता येत नव्हतं. फॅनीबाईंनी बर्फात उभं राहून एक वर्तमानपत्र हातात धरलं आणि फोटो काढून घेतला. बायकांना मताचा हक्क द्या, असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. १९२० साली तो हक्क देशभर मिळाला. १९२५ साली त्या वारल्या.

आमची आजी दर निवडणुकीत पहिल्यांदा मत देऊन येते, मगच चूल पेटवते.