डाव्या हाताचे अक्षर

तिरोड्याच्या शाखेत असतानाची गोष्ट. धानाचा हंगाम, काउंटरवर शेतकऱ्यांची गर्दी. आमचे रोखपाल एकाएकी डोके धरून ओरडले, ओकले आणि कोसळले. आम्ही सर्वांनी मिळून हार्ट अटॅक ठरवून टाकला. मी ॲस्पिरीनची गोळीही काढली होती. त्यांना गिळवेना म्हणून बचावले. गोंदियाला काढलेला हृदयाचा आलेखही बिघडलेला निघाला. नागपूरला डोक्याचा स्कॅन झाला तेव्हा कळले, रक्तस्राव मेंदूत झाला होता. मेंदूला असा धक्का बसला की हृदयावरही ताण येतो आणि आलेख फसवतो. त्यात ॲस्पिरीनने रक्तस्राव वाढू शकतो.

ते वाचले, पण उजवा हात गेला. आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस बोलेनासा झाला. तेव्हा मी त्यांना जोतीराव फुल्यांचे चरित्र नेऊन दिले.

जोतीराव १८२७ साली जन्मले. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या आणि त्यापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला, १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हणून गौरविले. आणि दोनच महिन्यांत पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले.

डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. मेंदूत रक्त साकळले की सांडले, हे पाहण्याचे साधन त्या काळी जगात कुठेच नव्हते. दुखणे उजव्या हाताचे दिसले, तरी घाव मेंदूच्या डाव्या बाजूला होता. साठी ओलांडलेल्या जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये छापून निघाले.

आज स्कॅन आहे. आपण तिथवर वेळेत पोचायला हवे. अचानक असह्य डोकेदुखी, वाकडे तोंड, लुळा हात, अडखळती जीभ यांपैकी काहीही दिसले तर घरी निदान करू नका, मनाने गोळी देऊ नका. स्कॅनची सोय असलेले इस्पितळ तडक गाठा.

रोखपालांनी पुस्तक महिन्याभराने परत केले. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचे नाव लिहिले होते. अक्षर वेडेवाकडे, पण डाव्या हाताचे.