जुगलबंदीचे मानकरी

खोपटहून तलावपाळीकडे निघाले की गडकरी रंगायतन लागते. ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. १९२४ मध्ये पुण्यात जन्मलेले रामभाऊ पुढे ठाणेकर झाले. मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंची तालीम लाभलेल्या या गायकाने मैफल आणि रंगभूमी दोन्ही गाजवली.

१९६३ मध्ये विद्याधर गोखले यांचे ‘मंदारमाला’ आले. संगीत रामभाऊंचे, रंगमंचावर गाणारेही तेच. सारी उत्तम पदे स्वतःकडे ठेवली असती तरी कोणी हरकत घेतली नसती! त्यांनी मात्र वयाने धाकट्या, गोव्याच्या प्रसाद सावकारांना जुगलबंदीत बरोबरीची जागा दिली. ‘पंडितराज जगन्नाथ’मुळे सावकारांचे नाव झाले होतेच, आता रामभाऊंसाठी आलेला रसिकही त्यांच्या ताना मनात घेऊन परतू लागला. वृत्तपत्रातील जाहिरातीला हे साधले नसते. १९८९ मध्ये रामभाऊ गेले. ती जुगलबंदी ध्वनिमुद्रणात आजही ऐकायला मिळते.