अन्यूरिन बेव्हन : वर्गणीदारांच्या दवाखान्यापासून सर्वांच्या आरोग्यसेवेपर्यंत



आजारपणात ज्ञातीतील गरजू कुटुंबास हात देणे हे आपल्यासारख्या संस्थांचे जुने आणि अभिमानास्पद कार्य होय. परंतु रुग्णास उपचार मिळणे हे दात्यांचे औदार्य मानावे, की प्रत्येक मनुष्यमात्राचा तो हक्कच समजावा, हा प्रश्न विचारी मनास पडल्यावाचून राहत नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्यातील कर्तृत्वाने दिले, अशा एका परदेशी पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील डेव्हिड खाणीत कामास होते, आई फीबी शिवणकाम करीत असे. दहा अपत्यांपैकी काही बालवयातच दगावली. बेव्हन लहानपणी बोलताना अडखळत. तेराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली व ते खाणीत उतरले. दिवसा कोळसा काढावा आणि फावल्या वेळी कामगारांच्या वाचनालयात बसून ग्रंथ वाचावेत, असा त्यांचा क्रम होता. वाचनाने शब्दसंपत्ती वाढली, प्रयत्नाने वाणीतील दोष आटोक्यात आला, आणि पुढे हाच मनुष्य पार्लमेंटातील नामांकित वक्ता ठरला. १९१९ साली खाणकामगार संघटनेच्या साहाय्याने ते लंडनच्या कामगार महाविद्यालयात दोन वर्षे शिकले. परत येताच बेकारी वाट्यास आली. १९२५ साली वडील कोळशाच्या धुळीने झालेल्या फुफ्फुसाच्या विकाराने वारले. तो विकार त्या वेळच्या कायद्यास भरपाईयोग्य वाटत नसल्याने कुटुंबास काहीही मिळाले नाही.

अशा या गावात एक गोष्ट मात्र अपूर्व होती. तेथील कामगारांनी स्वतःची वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती. प्रत्येकाने पगारातील दर पौंडामागे काही पेनी वर्गणी द्यावी, आणि त्या पैशातून डॉक्टर, परिचारिका व रुग्णालय यांची व्यवस्था व्हावी, अशी ती योजना होती. ‘द सिटाडेल’ या कादंबरीचे कर्ते डॉ. क्रोनिन यांनी येथे काही वर्षे वैद्यकी केली होती. १९७१ चा ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवरून निघाला, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. बेव्हन या संस्थेच्या रुग्णालय समितीवर काम करीत. धडधाकट असताना थोडे थोडे द्यावे व आजारी पडल्यावर पैशाचा विचार न करता उपचार घ्यावे, या रीतीचे मोल त्यांस तेथे पटले.

त्याचबरोबर तिची मर्यादाही त्यांच्या लक्षात आली. सभासदांस जे मिळे, ते शेजारच्या गावातील विधवेस मिळत नसे. १९११ च्या कायद्याने सरकारी विमा आला होता खरा. परंतु त्यातून डॉक्टर मिळे तो कामगारास, त्याच्या बायकामुलांस नव्हे. दुखणे सभासदाची वही पाहून येत नाही. मग उपचाराने ती का पाहावी, हा त्यांचा मूळ विचार होता.

१९२९ साली ते मजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आले आणि १९४५ साली आरोग्यमंत्री झाले. राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा १९४६ साली संमत झाला. खर्च मुख्यतः सरकारी करांतून भागवावा, रुग्णालये राष्ट्राची व्हावीत, आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे मागू नयेत, ही त्याची तत्त्वे होत. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला. आपण सरकारचे पगारी नोकर होऊ, अशी त्यांस धास्ती होती. १९४८ च्या फेब्रुवारीतील मतदानात सुमारे ४०,००० डॉक्टर विरोधात व ५,००० हूनही कमी बाजूने होते. बेव्हन यांनी येथे हट्ट धरला नाही. तज्ज्ञांस खाजगी व्यवसायाची मुभा दिली, सामान्य डॉक्टरांस पगारी नोकर न करण्याचे मान्य केले. परंतु सेवा सर्वांस मिळावी या मूळ तत्त्वास मुरड घातली नाही. ५ जुलै १९४८ रोजी ती सुरू झाली.

लोक फुकटचे म्हणून गर्दी करतील, असा आक्षेप होता. गर्दी झाली खरी. पहिल्या वर्षभरातच पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. परंतु चष्मा कोणी हौसेने घालीत नाही. इतके लोक आजवर पैशाअभावी अंधुक पाहत जगत होते, हाच त्याचा अर्थ होय. १९५१ साली सरकारने चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याचे ठरविताच बेव्हन यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. त्यांची जीभ तिखट होती व तिने पक्षाचे नुकसानही केले. पण तत्त्वासाठी पद सोडण्याचे धैर्य थोड्यांच्याच अंगी असते. ६ जुलै १९६० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ती सेवा आजही चालू आहे. तिच्यात आज रुग्णांस दीर्घकाळ तिष्ठावे लागते, खर्चाची ओढाताण असते. तथापि ती मोडून टाकावी, असे तेथील जनतेस वाटत नाही.

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ सालीच शिफारस केली होती की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने अत्यवस्थ रुग्णास वेळेवर उपचार न देणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग होय. राजस्थानने २०२३ साली आरोग्यहक्काचा कायदाही केला. तथापि रुग्णालयाच्या बिलापायी शेत किंवा दागिने गहाण टाकणारी कुटुंबे आजही आपल्या अवतीभोवती आहेत.

यावरून कोणी असे समजू नये की, ज्ञातीचे साहाय्य निधी निरर्थक आहेत. ट्रेडेगरची ती संस्था नसती, तर बेव्हन यांस मार्ग दिसला नसता. परंतु आपले आपल्यापुरते भागले म्हणून स्वस्थ बसणे हे त्यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे नव्हे. निधीस वर्गणी अवश्य द्यावी. त्याबरोबरच आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे की नाही, औषध मिळते की नाही, याची चौकशी सभासदांनी करावी व ते सर्वांसाठी मिळावे म्हणून आग्रह धरावा. तेथे रांगेत उभा असलेला मनुष्य कोणत्या ज्ञातीचा आहे, हे विचारण्याचे कारण नाही. तो आजारी आहे, एवढेच पुरे.