कळफलकाचे जनक : क्रिस्टोफर शोल्स

सीताबर्डीवरून सायंकाळीं जातांना पूर्वीं एखाद्या माडीवरून टपटप, टपटप असा अखंड आवाज कानीं पडत असे. तो टंकलेखनाच्या वर्गांचा आवाज होय. नागपूर हें एके काळीं मध्यप्रांताच्या राजधानीचें शहर. त्यांतून 1936 सालापासून येथें उच्च न्यायालय. तेव्हां अर्ज, निवाडे व हुकूम यांच्या स्वच्छ प्रती काढून देणाऱ्यांस येथें कामाची वाण पडत नसे. आतां तो आवाज मावळला आहे व शासनाची टंकलेखनाची परीक्षाही संगणकावर होऊं लागली आहे. परंतु संगणकाच्या कळफलकाकडे पाहिलें म्हणजे अक्षरांच्या वरच्या ओळींत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशीं अक्षरें आजही दिसतात. हा क्रम वर्णमालेचा नव्हे. मग तो आला कोठून, असा प्रश्न जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्या गृहस्थांच्या खटपटींतून तो जन्मास आला, त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1819 रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत झाला. लहानपणींच त्यांनीं छापखान्यांत उमेदवारी केली. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळविणें हें त्यांचें पहिलें शिक्षण. पुढें 1837 सालीं त्यांनीं विस्कॉन्सिन या नव्यानेंच वसत असलेल्या प्रदेशाची वाट धरली. तेथें त्यांनीं वर्तमानपत्र चालविलें व कालांतरानें कायदेमंडळांतही प्रवेश केला. 1853 सालीं विस्कॉन्सिन संस्थानानें फांशीची शिक्षा रद्द केली, त्या चळवळींत शोल्स अग्रभागीं होते. पुढें मिल्वॉकी शहरीं टपालखातें व जकातखातें यांतील अधिकाराच्या जागाही त्यांनीं सांभाळल्या. स्वभावानें ते सौम्य व निगर्वी असून पैशाच्या बाबतींत मात्र उदासीन होते.

मिल्वॉकींत क्लाइनश्टॉयबर नांवाच्या गृहस्थांचा एक यंत्रकामाचा कारखाना होता व तेथें हौशी शोधक जमत असत. 1866 सालीं शोल्स व त्यांचे मित्र सॅम्युअल सूल हे तेथें पुस्तकांच्या पानांवर क्रमांक उठविणारें एक यंत्र तयार करीत होते. त्याच जागीं कार्लोस ग्लिडन नांवाचे दुसरे एक गृहस्थ यांत्रिक नांगराच्या खटपटींत होते. जें यंत्र आंकडे उठवितें, त्यानें अक्षरें कां उठवूं नयेत, अशी शंका ग्लिडन यांनीं काढली. शंका साधी, परंतु तिनें शोल्स यांच्या पुढील सर्व आयुष्यास वळण लाविलें. लेखनयंत्राचे प्रयत्न इतरत्र त्यापूर्वींही झाले होते. तथापि बाजारांत टिकेल असें यंत्र तोंवर कोणास साधलें नव्हतें. तिघांनीं मिळून काम आरंभिलें व 23 जून 1868 रोजीं त्यांस पेटंट मिळालें.

त्या पहिल्या यंत्राचा कळफलक पियानोच्या पट्ट्यांसारखा होता. एक पट्टी दाबली कीं एक दांडा उसळे व त्याच्या टोकावरील अक्षर कागदावर उमटे. कल्पना उत्तम, पण यंत्र नाजूक. जेम्स डेन्समोर नांवाच्या एका करारी गृहस्थांनीं या कामांत पैसा घातला व यंत्र निर्दोष होईपर्यंत शोल्स यांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. यंत्रें परीक्षेसाठीं जेम्स क्लेफेन या लघुलेखकाकडे धाडण्यांत येत. तो तीं इतक्या जोरानें व वेगानें चालवी कीं एकामागून एक यंत्र मोडून परत येई, व सोबत दोषांची यादीही येई. शोल्स चिडत, परंतु प्रत्येक दोष काढून टाकून ते पुन्हां नवा नमुना उभा करीत. असें एकदोनदां नव्हे, अनेक वर्षें चाललें. सूल व ग्लिडन हळूहळू या कामांतून दूर झाले; शोल्स मात्र शेवटपर्यंत हटले नाहींत.

याच काळांत अक्षरांचा क्रम ठरत गेला. आरंभीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें होतीं. परंतु शेजारचे दोन दांडे लागोपाठ उसळले म्हणजे ते एकमेकांत अडकत. यास्तव वारंवार जोडीनें येणारीं अक्षरें दूर दूर ठेवण्यांत आलीं, असें सामान्यतः सांगतात. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीचाही या क्रमावर परिणाम झाला असावा, असें अलीकडील कांहीं संशोधकांचें मत आहे. लिहिणाराचा हात मुद्दाम मंद करण्यासाठीं हा क्रम योजला, ही समजूत मात्र विश्वसनीय नाहीं.

1873 च्या मार्च महिन्यांत बंदुका तयार करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशीं करार झाला व 1874 सालीं यंत्र बाजारांत आलें. किंमत 125 डॉलर. त्यांत केवळ मोठींच इंग्रजी अक्षरें उमटत, आणि अक्षर कागदाच्या खालच्या बाजूनें उमटत असल्यामुळें लिहिणारास आपण काय लिहिलें तें लगेच दिसत नसे. आरंभीं गिऱ्हाइकें थोडींच मिळालीं. 1878 सालीं एकाच कळेनें मोठें व लहान अशीं दोन्ही अक्षरें उमटविण्याची सोय झाली, तेव्हांपासून यंत्राचें दैव पालटलें. परंतु शोल्स यांनीं आपले हक्क त्यापूर्वींच सुमारें 12,000 डॉलरांस विकून टाकले होते. मोठा नफा दुसऱ्यांच्या पदरीं पडला.

या यंत्रानें एक मोठी सामाजिक क्रांति घडवून आणली. कचेरीचें दार स्त्रियांस तोंवर जवळजवळ बंदच होतें. तें या यंत्रानें उघडलें. 1881 सालीं न्यूयॉर्क येथील तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघानें मुलींसाठीं टंकलेखनाचा वर्ग काढला व हजारों मुली आपल्या कमाईवर उभ्या राहूं लागल्या. आपल्या शोधाचें हें फळ पाहण्याचें भाग्य शोल्स यांस लाभलें.

स्वतःच्या कृतीवर ते कधींच संतुष्ट नव्हते. क्षयानें शरीर खंगलें असतांही ते नवे नमुने रचीत राहिले. अखेरच्या काळांत त्यांनीं अक्षरांचा एक निराळाच क्रम योजून त्यासाठीं पेटंटाचा अर्ज केला. तें पेटंट त्यांच्या निधनानंतर, 1896 सालीं मिळालें. 17 फेब्रुवारी 1890 रोजीं मिल्वॉकी येथें त्यांचा अंत झाला. तोंवर हजारों बोटें जुन्या क्रमास सरावलीं होतीं. ज्यांनीं तो क्रम घडविला, त्यांसही तो मोडतां आला नाहीं! पुढें 1936 सालीं ड्व्होरॅक नांवाच्या प्राध्यापकांनीं अधिक सोयीचा म्हणून दुसरा क्रम पुढें मांडला, तोही मागेंच पडला. आज कळफलकाचीं रूपें अनेक झालीं आहेत. कोठें प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र स्प्रिंग, कोठें रबराचा मऊ पडदा, तर मोबाईलवर नुसती कांचेवरील चित्रें. दांडे केव्हांच गेले, परंतु दांड्यांच्या काळांतील क्रम कायम आहे. संवय एकदां जडली म्हणजे तिचें कारण नाहींसें झालें तरी ती सुटत नाहीं.

आतां आपल्या मराठीविषयीं दोन शब्द. शोल्स यांची योजना सव्वीस अक्षरांच्या लिपीसाठीं होती. आपल्या लिपींत स्वर, व्यंजनें, काना, मात्रा, वेलांटी, रफार व जोडाक्षरें. हा परिवार चाळीस-पंचेचाळीस कळांत बसवावा कसा? टंकयंत्र करणाऱ्यांनीं अर्धीं अक्षरें व दंड निरनिराळे केले आणि कांहीं मात्रांच्या कळा दाबल्या असतां कागद पुढें सरकूं नये, अशी युक्ति केली. मुंबईच्या गोदरेज कंपनीनें 1955 सालीं भारतीय बनावटीचें पहिलें टंकयंत्र काढलें व 2009 सालीं हें उत्पादन थांबविलें. संगणकासाठीं 1991 च्या भारतीय मानकांत जो इनस्क्रिप्ट कळफलक दिला आहे, त्यांत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजनें उजव्या हाताकडे आहेत. जोडाक्षर संगणक स्वतःच जुळवितो. जो क्रम आपण पाटीवर गिरवितों, त्याच्याशीं ही रचना पुष्कळच जुळती आहे.

असें असूनही आमचे कित्येक विद्यार्थी मातुश्रींस मोबाईलवर चार ओळी लिहावयाच्या झाल्या तर त्या रोमन अक्षरांत लिहितात, आणि त्या माउलीस त्या अडखळत वाचाव्या लागतात. यांत मुलांचा सर्वस्वीं दोष नाहीं. जो क्रम प्रथम बोटांत बसतो तोच टिकतो, हें आपण वर पाहिलेंच. म्हणूनच पालकांस आमची विनंति आहे कीं, इंग्रजी कळफलकाबरोबरच मराठी कळफलकही मुलांच्या बोटांत लहानपणींच बसवावा. विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, रोज अर्धा तास दिल्यास हें काम मुळींच अवघड नाहीं. मोडून परत आलेलें यंत्र पुन्हां पुन्हां जुळविणाऱ्या शोल्स यांचें स्मरण ठेवावें, आणि मातुश्रींस पुढील पत्र आपल्या लिपींत लिहावें.