फादर स्टीफन्स

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. त्या काळी त्या देशात धर्मावरून मोठा कलह माजला होता. १५५९ साली तेथे कायदा होऊन लॅटिन भाषेतील कॅथलिक उपासनेस बंदी करण्यात आली. आपली श्रद्धा सोडणे स्टीफन्स यांना मान्य नव्हते. त्यांनी मायदेश सोडला, रोम गाठले आणि १५७५ साली ते जेझुइट संघात दाखल झाले. पुढे १५७९ च्या एप्रिलमध्ये ते लिस्बनहून जहाजाने निघाले व ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले.

गोव्यातील सासष्टी ही त्यांची कर्मभूमी होय. तेथे त्यांनी सुमारे चाळीस वर्षे धर्मकार्य केले. चर्चमधील मिस्सा ही मुख्य उपासना तेव्हा लॅटिनमध्येच होत असे. रोम असो की राचोल, प्रार्थनेचे शब्द एकच असत. म्हणून ती भाषा पवित्र मानली जाई. परंतु सासष्टीच्या नवख्रिस्ती शेतकऱ्यास तिचा अर्थ उमगत नसे. त्याची जुनी पुराणे तर पोर्तुगीज सत्तेने बंद केली होती. मग त्याच्या मनाला आधार कशाचा?

स्टीफन्स यांनी ही उणीव ओळखली. उपासनेची भाषा बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पण कथा सांगण्यास कोणाची आडकाठी नव्हती. ते मराठी व कोंकणी शिकले. ज्या ओवीत ज्ञानेश्वर व एकनाथ यांनी संस्कृतातील ज्ञान मराठीत आणले, तीच ओवी त्यांनी हाती धरली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा येथील शब्द त्यांनी आनंदाने स्वीकारला. १६१६ साली हा ग्रंथ राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. रविवारी व सणांच्या दिवशी लोक चर्चमध्ये जमून त्याचे श्रवण करीत.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लिहिलेले कोंकणी भाषेचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. १९६३ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषांना अनुमती दिली. आज मिस्सा मराठीतही होते. लोकांना देवाची कथा त्यांच्याच भाषेत ऐकू यावी, यासाठी सुमारे चारशे वर्षांपूर्वीच एका परदेशी धर्मगुरूने आपले आयुष्य वेचले होते.