आचार्य बाळशास्त्री जांभेकर : एका शिक्षकाचे चरित्र

महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' हे पत्र सुरू केले. आद्य मराठी पत्रकार ही त्यांची पदवी सार्थ आहे, याविषयी दुमत नाही. परंतु 'दर्पण' जेमतेम साडेआठ वर्षे चालले आणि १८४० च्या जूनमध्ये बंद पडले. शास्त्रीबोवांची शिक्षकी मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. तेव्हा त्यांच्या कार्याचे माप त्यांच्या विद्यार्थ्यांवरून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

कोकणात देवगड तालुक्यात पोंभुर्ले नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८१२ साली गंगाधरशास्त्री जांभेकर या विद्वान गृहस्थांच्या पोटी बाळशास्त्र्यांचा जन्म झाला. संस्कृताचे पाठ घरीच झाले. पुढे इंग्रजी विद्येसाठी ते मुंबईस आले व सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्या आश्रयाने शिकले. मराठी शालेय पुस्तके तयार करणाऱ्या मंडळीत बापू छत्रे अग्रणी होते. वयाची विशी गाठण्यापूर्वीच बाळशास्त्री त्याच कामात रुजू झाले. मध्यंतरी अक्कलकोटच्या युवराजांचे शिक्षक म्हणूनही त्यांची नेमणूक झाली होती. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात ते असिस्टंट प्रोफेसर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

त्यानंतरच्या बारा वर्षांत त्यांनी काय काय केले, हे पाहू जाता मन थक्क होते. कॉलेजात गणित शिकविणे, सरकारी शाळांची तपासणी करीत गावोगाव हिंडणे, कुलाबा वेधशाळेचे काम पाहणे, ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर निबंध लिहिणे, 'दिग्दर्शन' मासिक चालविणे, १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित प्रत सिद्ध करणे आणि त्याच सुमारास शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापक वर्गाची धुरा वाहणे! आमच्या सरकारी परिभाषेत बोलावयाचे तर मूळ पदाखेरीज पाचसहा पदांचा अतिरिक्त कार्यभार. एकाच अतिरिक्त कार्यभाराने त्रासून जाणाऱ्या आम्हां कचेरीतल्या लोकांना हे वाचून ओशाळल्यासारखे होते.

यांतही शिकविण्याचे काम सर्वांत अवघड असले पाहिजे. आज आम्हांला गणित, भूगोल, पदार्थविज्ञान यांसाठी मराठी शब्द आयते मिळतात. शास्त्रीबोवांच्या काळी वर्ग होता, विद्यार्थी होते, पण पुस्तक नव्हते आणि पुष्कळदा शब्दही नव्हता. म्हणून त्यांनी स्वतः पुस्तके रचली. बालव्याकरण, नीतिकथा, भूगोल, इंग्लंडचा व हिंदुस्थानचा इतिहास असे एकेक विषय त्यांनी हाताळले. इतकेच काय, कलनासारखा विषयही 'शून्यलब्धिगणित' या नावाने मराठीत आणला. दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या मुलांना गणित मराठीतून शिकता येते हेच मुळी नवलाचे वाटते. ते धाडस दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पोंभुर्ल्याच्या एका तरुणाने केले होते.

वर्गाबाहेरही त्यांची कसोटी लागली. १८४३ च्या सुमारास श्रीपत शेषाद्री परळीकर या अल्पवयीन मुलाचे प्रकरण मुंबईत गाजले. मुलगा काही काळ मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा ज्ञातीत घ्यावे की नाही, असा वाद उभा राहिला. सनातनी मंडळी विरोधात उभी ठाकली, तरी शास्त्रीबोवांनी मुलाची बाजू सोडली नाही. स्वतःवर बहिष्काराचे सावट असताना एका पोरासाठी हा विद्वान माणूस झगडला. त्यांचे शिक्षकपण आम्हांस येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मे १८४६ मध्ये तापाचे निमित्त होऊन मुंबईस त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस.

पण तोवर त्यांचे विद्यार्थी कामास लागले होते. भाऊ महाजन अर्थात गोविंद विठ्ठल कुंटे यांनी १८४१ मध्ये 'प्रभाकर' काढले, आणि लोकहितवादींची शतपत्रे पुढे याच पत्रातून प्रसिद्ध झाली. दादाभाई नौरोजी हे त्यांचे दुसरे शिष्य. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या, त्या उद्योगात दादाभाई पुढे होते. नंतर ते त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले, आणि १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. तिसरे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. त्यांनी लहान वयातच कुलाबा वेधशाळेत काम धरले, १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ सिद्ध केला आणि पुण्यास आयुष्यभर गणित शिकविले.

केरूनानांच्या डेक्कन कॉलेजातील वर्गात बाळ गंगाधर टिळक बसत असत. गुरूंचा या शिष्यावर विशेष लोभ होता. पंचांगशुद्धीचा जो ध्यास टिळकांना जन्मभर होता, त्याचे मूळ या वर्गात आहे. १८९३ च्या 'ओरायन' ग्रंथात नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदकालाचा निर्णय करताना त्यांनी जे ज्योतिर्गणित वापरले, त्याची दीक्षाही येथलीच.

दिल्लीत आम्ही सर्वोच्च न्यायालयाकडे जातो तो रस्ता टिळक मार्ग. त्याच परिसरात टिळक ब्रिज स्टेशन आहे. सरकारी नोकरांसाठी वसविलेल्या एका वसाहतीस नौरोजी नगर हे नाव मिळाले, आणि आमच्यापैकी अनेकांचे तेथील क्वार्टरांत पूर्वी जाणेयेणे असे. शिष्याचे नाव आणि शिष्याच्या शिष्याचे नाव राजधानीत असे रोज आमच्या तोंडी येते. बसच्या पाटीवर बाळशास्त्र्यांचे नाव आम्ही कधी वाचले नाही. त्यांना त्याची खंत वाटली असती, असे मात्र वाटत नाही.

कायद्याची परीक्षा दिलेले टिळक वकिलीकडे वळले नाहीत. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि स्वतः खडू हाती घेऊन गणित शिकविण्यास उभे राहिले.